महामार्गावरून वळावे असे कारंजा

समृद्धी महामार्गाने नागपूरहून शिर्डीकडे निघालेली मोटार वाशीम जिल्ह्याच्या हद्दीत शिरते, ‘कारंजा’ अशी पाटी दिसते आणि क्षणार्धात ती मागेही पडते. या मार्गाचा ५२० किलोमीटरचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला; ५ जून २०२५ पासून मुंबईनजीकच्या आमणेपर्यंतचा सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता वाहता झाला. वेळ वाचला, यात शंका नाही. मात्र पूर्वी ज्या गावात बैल सोडून मुक्काम करावाच लागे, ते गाव आता न थांबता ओलांडता येते. कारंजा तालुक्यातीलच कामरगावच्या माणसाला ही चैन परवडत नाही. तहसील कचेरी असो, दस्तनोंदणी असो की बाजार समिती, त्याची वाट कारंजातूनच जाते. बाहेरच्या यात्रिकाने मात्र तेथे मुद्दाम वळावे लागते. त्यातही जैन व्यापारी कुटुंबाने वळावे, यास कारणे पुष्कळ आहेत.

गावाचे नाव सांगताना जुने लोक ‘कारंजा लाड’ म्हणतात, ते लाड मंडळींच्या जुन्या वस्तीवरून. ‘कारंजा बिबीचे’ असेही एक नाव होते. अहमदनगरच्या शाही घराण्यातील कन्येला हे गाव आंदण मिळाले, अशी त्यामागची परंपरागत हकीकत. तटाला चार वेशी : दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. तीन नावे पंचक्रोशीतील गावांची, आणि चौथे एकदम दिल्लीचे! या गावाचे व्यवहार कोठपर्यंत पोहोचत होते, हे सांगायला वेगळ्या दप्तराची गरज नाही.

येथील श्रीमंतीची सर्वांत प्रिय कथा कस्तुरीच्या हवेलीची. उंटांवर कस्तुरी लादून एक व्यापारी गावोगाव फिरला. एवढा माल एकरकमी घेणारा त्याला कोठे भेटेना. कारंजात एका संघई सावकाराच्या हवेलीचे बांधकाम चालू होते. सावकाराने सगळी कस्तुरी विकत घेतली आणि ती चुन्याच्या घाणीत ओतावयास सांगितले. वर, मोल कोणत्या बादशहाच्या नाण्यात हवे, असेही विचारले. कथा आहे, तिला जमाखर्चाच्या वहीचा आधार मागू नये. तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी : गावाने आपल्या मोठेपणाची आठवण कोणाच्या तलवारीभोवती गुंफली नाही, एका खरेदीभोवती गुंफली.

या संपत्तीला इतिहासाचा आधार आहे, आणि तो कटू आहे. १६७० साली सुरतेच्या दुसऱ्या स्वारीनंतर शिवाजी महाराजांच्या फौजेने वऱ्हाडात उतरून कारंजा गाठले. सर जदुनाथ सरकारांनी दिलेल्या वृत्तांतानुसार उंची कापड, सोने आणि चांदी मिळून सुमारे एक कोटी रुपयांचा ऐवज चार हजार बैल-गाढवांवर लादून नेण्यात आला. गावातील धनिक खंडणीसाठी धरले गेले. त्यांतला सर्वांत मातबर गृहस्थ तेवढा निसटला, तो स्त्रीवेश धारण करून. कारण मराठ्यांची फौज स्त्रियांच्या अंगाला हात लावीत नसे. एकाच घटनेत सावकाराचे चातुर्य आणि लुटणाऱ्याची मर्यादा, दोन्ही नोंदली गेली आहेत.

गाव त्या घावातून उठले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात शीलविजय नावाच्या श्वेतांबर यतींनी दक्षिणेची यात्रा करून ‘तीर्थमाला’ रचली. तीत कारंजाच्या धनवंत लोकांचे वर्णन आहे आणि बघेरवाल ज्ञातीच्या भोज संघवींच्या दानधर्माची मनमोकळी वाखाणणी आहे. प्रशंसा करणारे श्वेतांबर, ज्यांची केली ते दिगंबर. आजच्या काही सभांतून हे उदाहरण आठवावयास हरकत नाही.

कारंजात तीन पुरातन दिगंबर जैन मंदिरे आहेत : बलात्कारगणाचे, सेनगणाचे आणि काष्ठासंघाचे. एका लहान गावात तीन परंपरांची मंदिरे असणे ही साधी गोष्ट नव्हे. बलात्कारगण व सेनगण यांच्या भट्टारकांच्या गाद्या येथे नांदल्या. त्यांचा शिष्यपरिवार वऱ्हाडभर आणि त्यापलीकडे पसरला होता. काष्ठासंघाच्या मंदिरातील लाकडी कोरीवकाम पाहण्यासारखे आहे. मात्र संघाच्या नावाचा या लाकूडकामाशी संबंध जोडू नये. काष्ठासंघ हे मुनिसंघाचे नाव कारंजाच्या या खांबांहून कितीतरी जुने आहे. सेनगणाच्या गादीवरील वीरसेन स्वामी अध्यात्मशास्त्राचे, विशेषतः ‘समयसारा’चे मर्मज्ञ म्हणून ओळखले जात. बलात्कारगणाच्या शिष्यपरंपरेत मराठीतून रचना करणारे कवीही झाले. ‘जीवंधर पुराण’ लिहिणारे जिनसागर त्यांपैकी एक. भट्टारकसंस्थेविषयी समाजात टीका बरीच झाली, तिच्यातील काही योग्यही होती. तथापि पोथ्या जपल्या त्या याच गाद्यांनी.

आणि पोथ्या हेच कारंजाचे खरे धन. त्या शतकानुशतके वेष्टनांत बांधून ठेवलेल्या होत्या. त्यांची पूजा होत असे, वाचन क्वचित. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दोन हिरालाल या भांडारांकडे वळले. पहिले कटनीचे रायबहादूर हिरालाल. मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची त्यांची सूची १९२६ साली नागपुरात प्रसिद्ध झाली, आणि कारंजाच्या भांडारांत काय दडले आहे ते तिने विद्वानांना दाखविले. दुसरे डॉ. हिरालाल जैन, अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक. त्यांनी पोथ्या नुसत्या मोजल्या नाहीत, उघडून वाचल्या. त्यांत अपभ्रंश भाषेची काव्ये निघाली. प्राकृत आणि आजच्या मराठी-गुजराती-हिंदी यांच्या मधली ही पायरी तोपर्यंत विद्वानांनाही फारच थोडी ठाऊक होती. जर्मन पंडित हर्मान याकोबी यांनी ‘भविसत्तकह’ छापली त्याला जेमतेम काही वर्षे झाली होती.

येथे कारंजाच्या एका व्यापारी घराण्याने जे केले, ते प्रत्येक दुकानदाराने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. चवरे घराण्यातील अंबादास यांच्या नावाने स्मारक करावयाचे होते. धर्मशाळा बांधता आली असती, संगमरवरी फरशी घालता आली असती. त्याऐवजी ‘अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला’ निघाली. तिचा पहिला ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला : महाकवी पुष्पदंतांचे ‘जसहरचरिउ’, संपादक डॉ. प. ल. वैद्य. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली ‘सावयधम्मदोहा’ (१९३२), ‘पाहुडदोहा’ (१९३३) आणि मुनी कनकामरांचे ‘करकंडचरिउ’ (१९३४) आले. बलात्कारगणाच्या मंडळींनीही मागे न राहता देवेंद्रकीर्तींच्या नावे स्वतंत्र माला काढली व तीत १९३३ साली ‘णायकुमारचरिउ’ छापले. पुष्पदंत दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात, म्हणजे आजच्या मळखेडात, राहून लिहीत होते. त्यांचे मोडके घर सावरणारे आश्रयदाते भरत आणि नन्न हे राज्याचे मंत्री. हजार वर्षांनी तीच जबाबदारी कारंजाच्या कापूस-सराफीतील माणसांवर आली. १९३६ साली याच कवीच्या ‘महापुराणा’तील हरिवंशाचा भाग लुडविग आल्सडोर्फ यांनी हांबुर्ग येथे प्रसिद्ध केला.

डॉ. हिरालाल जैन यांचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे ‘षट्खंडागमा’वरील धवला टीकेचे सोळा खंडांतील संपादन. पहिला खंड १९३९ साली अमरावतीहून निघाला. मूळ ताडपत्रे मूडबिद्रीस होती. पाठ ठरविण्यासाठी ज्या नकला समोर ठेवल्या, त्यांत एक कारंजाच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमातील होती.

या आश्रमाची, म्हणजे कारंजाच्या गुरुकुलाची, स्थापना १९१८ सालची. संस्थापक देवचंद कस्तुरचंद शहा, १८९१ साली करमाळ्यास जन्मलेले. लौकिक शिक्षण सोडू नये आणि धर्मशिक्षणही दुकान बंद झाल्यावरच्या अर्ध्या तासावर ढकलू नये, हा त्यांचा आग्रह होता. वसतिगृह, पहाटेचे उठणे, सामायिक, व्यायाम, शाळा असा दिनक्रम मुलांना लावण्यात आला. पं. देवकीनंदन सिद्धांतशास्त्री यांच्यासारखे विद्वान येथे शिकवीत. १९३४ साली कुंभोजजवळील बाहुबली येथे याच पद्धतीचे गुरुकुल उभे राहिले. १९५२ साली देवचंदजींनी मुनिदीक्षा घेतली आणि ते समंतभद्र महाराज झाले. १९८८ साली बाहुबलीस त्यांचे देहावसान झाले. दक्षिण महाराष्ट्रातील समाज त्यांना बाहुबलीचे म्हणून ओळखतो. त्या वृक्षाचे बीज वऱ्हाडच्या काळ्या मातीत रुजले होते, हे कारंजाकर थोड्या अभिमानाने सांगतात. त्यांना तो अधिकार आहे.

काळी माती म्हटली की कापूस आला, आणि कारंजाचे एक स्मरण असे आहे की ज्याची पाटी कोणत्याही रस्त्यावर लावलेली नाही. देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली येथेच, हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशानुसार, सुरू झाला. वऱ्हाड तेव्हा निजामाचे असून कारभार इंग्रजांकडे होता आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना चोख कापूस हवा होता. बाजाराला नियम लागले ते या गरजेपोटी. १८९७ मध्ये सगळ्या वऱ्हाडासाठी कायदा झाला, आणि पुढील देशभरच्या बाजार समित्यांची वंशावळ तेथून सुरू होते.

त्याआधीचे बाजार कसे चालत, हे व्यापारी वाचकांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेच असेल. उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरे. गाडीवानाला तो शेवटी कळे. अडत, तोलाई, हमाली, कटती आणि वर धर्मादाय अशा रकमा वजा होत. धर्मादायाचे पैसे शेतकऱ्याचे आणि देणगीफलकावर नाव दुकानाचे, हा प्रकार अचौर्याच्या व्याख्येत बसतो किंवा नाही, याचा निवाडा ज्याने त्याने करावा. नियंत्रणामुळे मापे तपासली गेली, कपातींना मर्यादा आली. परंतु वऱ्हाडच्या या समित्यांत प्रत्यक्ष कापूस पिकविणाऱ्याला आवाज जवळजवळ नव्हता; १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्याने तो दिला आणि १९२८ च्या शाही कृषी आयोगाच्या अहवालाने वऱ्हाडची उणीव दाखविली. पहिलेपणाचा मान घेताना ही बाजूही सांगितली पाहिजे.

कापसासाठीच मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद मापाची रेल्वे किलिक निक्सन या इंग्रज कंपनीच्या व्यवस्थेखाली झाली. लांबी ११३ किलोमीटर, वाटेत कारंजा. लोकांनी तिला ‘शकुंतला’ म्हटले. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढीत होते. आता गाडी थांबली आहे आणि रुळांच्या कडेला गवत वाढले आहे.

जैनेतर यात्रिक कारंजास येतात ते गुरुमंदिरासाठी. चौदाव्या शतकात नृसिंह सरस्वतींचा जन्म या गावी झाला, असे गुरुचरित्र सांगते. वासुदेवानंद सरस्वतींनी या स्थानाचे महत्त्व पुन्हा उजेडात आणले आणि १९३४ साली ब्रह्मानंद सरस्वतींच्या प्रयत्नाने मंदिर झाले. गावात ऋषी तलाव आहे. तालुक्यातच, महामार्गापासून जवळ, कारंजा-सोहळ अभयारण्य आहे. सुमारे १८ चौरस किलोमीटरच्या माळरानावर काळविटांचे कळप पहाटे दिसतात. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी दर्शनापूर्वीची वेळ त्यासाठी ठेवावी.

मंदिरे मात्र धावत्या भेटीत पाहू नयेत. रेल्वेने येणाऱ्यांना मूर्तिजापूर स्थानक सोयीचे. शक्य असल्यास ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, यावे. त्या दिवशी दिगंबर समाजात शास्त्रे बाहेर काढून त्यांची पूजा होते, जुनी वेष्टने बदलली जातात. पोथी हातात घेण्याची परवानगी मिळाली, तर शेवटचे पान अवश्य वाचावे. नकल करणाऱ्याचे नाव, तिथी आणि कोणत्या श्रावकाने अथवा श्राविकेने कोणत्या व्रताच्या उद्यापनानिमित्त ती लिहवून घेतली, हे सहसा तेथेच असते.