ताडाच्या लांकडाचें धनुष्य

बांधावरील जुना ताड वादळानें उन्मळून पडला म्हणजे त्याच्या बुंध्याचे वासे किंवा पाण्याचे पन्हळ करावे आणि उरलेलें सरपणांत घालावें, एवढाच त्याचा उपयोग बहुतेकांस ठाऊक असतो. परंतु त्याच बुंध्यांत उत्तम धनुष्याचें लांकूड असतें. कौटिलीय अर्थशास्त्रांत आयुधागाराच्या अध्यायांत धनुष्यास योग्य अशीं चार द्रव्यें सांगितलीं आहेत: ताड, वेळू, लांकूड व शिंग. त्यांत ताडाचें नांव पहिलें आहे. न्यू गिनी बेटाच्या डोंगराळ भागांत व दक्षिण अमेरिकेंतील आमेझॉन नदीच्या खोऱ्यांतहि ताडकुळांतील झाडांच्या काळ्या लांकडाचीं धनुष्यें करण्याची जुनी परंपरा आहे. आपल्याकडील भिल्लादि लोकांचा कामठा बांबूचा असतो हें खरें. पण ज्यास बांबूची प्रकृति समजते त्यास ताडाची समजण्यास अडचण पडूं नये, कारण दोहोंचें बळ एकाच ठिकाणीं असतें.

तें ठिकाण कोणतें हें नीट कळणें हेंच या कामांतील मर्म होय. साग, बाभूळ, शिसव या झाडांच्या सालीखालीं दरवर्षीं नवें लांकूड चढतें आणि आंतील जुना भाग टणक होत जातो. म्हणून आपण बाहेरचें पांढरें लांकूड टाकून गाभा घेतों. ताड हा गवत व बांबू यांप्रमाणें एकदल वर्गांतील आहे. त्याच्या बुंध्यांत वर्षावर्षाचीं वलयें पडत नाहींत. मऊ, भुसभुशीत भागांतून कठीण असे काळे धागे उभे गेलेले असतात; ते मध्यभागीं विरळ व कडेला दाट असतात, आणि झाडाचें वय वाढेल तसे कडेचे धागे अधिकाधिक कठीण होतात. नारळाचीहि रचना अशीच आहे. त्याच्या कडेचें लांकूड घनमीटरास ६०० किलोहून जड, तर गाभ्याचें ४०० किलोहूनहि हलकें असतें. तेव्हां ताडाच्या बाबतींत सागाचा न्याय उलटा करावा: गाभा टाकावा आणि कड ठेवावी. हें न जाणतां कोणी मधलें लांकूड घेऊन धनुष्य केलें, तर तें पहिल्याच ओढीस मोडेल आणि दोष मात्र ताडास लागेल.

झाड जितकें जुनें तितकें चांगलें. त्यांतहि बुंध्याचा खालचा भाग घ्यावा. शेंड्याकडे कठीण कड पातळ होत जाते. पडलेला ताड पावसांत तसाच राहूं देऊं नये, कारण ओला गाभा लवकर कुजतो व त्यास कीड लागते. साडेसहा फुटांचा ओंडका तोडून तो पाचरी मारून उभा फोडावा. करवतीनें चिरूं नये. करवत आपल्या रेघेनें जाते, पाचर धाग्यांच्या वाटेनें जाते. आणि जेथें धागा तिरपा कापला गेला तेथेंच धनुष्य पुढें मोडतें. नंतर मऊ गाभा वाकसानें तासून दोन इंच रुंद व सव्वा इंच जाड अशा पट्ट्या कराव्या. त्यांच्या टोंकांस मेण लावून त्या वारा खेळेल अशा सावलींत आडव्या ठेवाव्या. दर आठवड्यास एक पट्टी तोलून पाहावी. वजन उतरावयाचें थांबलें म्हणजे लांकूड वाळलें असें समजावें. यास कित्येक महिने लागतात.

धनुष्याची लांबी नेमणाऱ्याच्या उंचीइतकी असावी. प्राचीन मोजमापांत चार हातांस, म्हणजे ९६ अंगुळांस, ‘धनु’ असेंच नांव आहे. तें साधारण सहा फूट होतें. मध्यें रुंदी दीड इंच व जाडी एक इंच ठेवून दोन्ही टोंकांकडे ती क्रमानें पाऊण व अर्ध्या इंचापर्यंत उतरवावी. सालीकडील बाजू लक्ष्याकडे राहील अशी योजना करावी, कारण धनुष्य ओढतांना त्या बाजूस ताण बसतो आणि अखंड धागेच तो ताण सोसतात. त्या बाजूची साल खरवडून ती गुळगुळीत करावी, पण तेथील धागे कापूं नयेत. घडण सगळी आंतील, म्हणजे नेमणाऱ्याकडील, बाजूनें करावी. रंध्यानें हें लांकूड उचकटतें, म्हणून धारदार पात्यानें खरवडून व कानशीनें घासून काम करावें. याचीं कुसळें सुईसारखीं टोंचतात. हातांस जाड फडकें बांधावें.

पुढील काम धीराचें आहे. धनुष्य मधोमध एका खुंटीवर टेकवून दोरी हळूहळू खालीं ओढावी आणि दूर उभें राहून दोन्ही बाहू सारखे वांकतात कीं नाहीं तें पाहावें. जो भाग ताठ राहील तेथूनच थोडें लांकूड काढावें. जो अधिक वांकतो त्यास हात लावूं नये. प्रत्येक खेपेस वीस-तीस वेळां ओढून मगच पुढें जावें. ओढ कांट्यानें मोजावी. नवशिक्यास २५ पौंडांची ओढ पुरे होते.

दोरी आपल्याच शेतांत तयार होते. अर्थशास्त्रांत दोरीसाठीं सांगितलेल्या द्रव्यांत अर्क व शण आहेत. अर्क म्हणजे रुई आणि शण म्हणजे ताग. तागाचा सारखा पीळ देऊन त्यास मेण चोळावें. धनुष्याच्या ओढीच्या चौपट भार सोसेल इतकी ती बळकट असावी. दोरीच्या खांचा टोंकांच्या दोन्ही कडांस घ्याव्या, सालीकडील बाजूस घेऊं नयेत, आणि खांचेखालीं दोरा घट्ट गुंडाळावा म्हणजे टोंक फाटत नाहीं. बाण न लावतां दोरी कधींहि सोडूं नये. काम झाल्यावर दोरी उतरून ठेवावी.

हें धनुष्य निशाणाच्या खेळासाठीं आहे. वन्य प्राण्यांच्या शिकारीस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंदी आहे, हें मुलांस आरंभींच सांगावें.

एक गोष्ट मात्र शेतकरी बंधूंनीं विसरूं नये. ताडास फुलावयासच १२ ते २० वर्षें लागतात, आणि धनुष्यास लागणारी कड त्याहून कितीतरी उशीरा तयार होते. तेव्हां धनुष्यासाठीं उभें झाड पाडणें म्हणजे आजोबांची ठेव एका दिवसांत उडविणें होय. वाऱ्यानें पडलेल्या एका बुंध्यांतून अनेक धनुष्यें निघतात. त्याचीच वाट पाहावी. आणि ज्या बांधावरून ताड गेला, त्या बांधावर त्याच पावसाळ्यांत चार बिया पुराव्या. त्यांचें लांकूड आपल्यास नव्हे, तर नातवंडांस मिळेल. आपल्यासहि तें तसेंच मिळालें आहे.