युनेस्कोचा पैसा आणि गडाचा सातबारा

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या लष्करी वारशाचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. जल्लोष झाला, तो व्हायलाच हवा होता. पण त्याबरोबर ‘आता युनेस्कोचा पैसा येणार’ हा समजही पसरला. तसं होत नाही. जागतिक वारसा निधी आहे खरा, पण वर्षाकाठी तो काही दशलक्ष डॉलरांचा, यादीतली स्थळं बाराशेहून अधिक, आणि अग्रक्रम धोक्यात असलेल्यांना. एकट्या रायगडाचा विकास आराखडाच सहाशे कोटींच्या वरचा आहे, म्हणजे या निधीकडून किती अपेक्षा ठेवायची ते कळतं. यादीत नाव घालून घेताना जपणुकीची जबाबदारी देशानेच उचललेली असते.

मग पैसा कुठून? आधी वास्तू कुणाच्या अखत्यारीत आहे ते पाहावं लागतं, आणि गफलत होते ती इथेच. या बारांतले रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि जिंजी केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत; राजगड, साल्हेर, प्रतापगड आणि खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. ज्यांना कसलंच संरक्षण नाही असे कितीतरी गड वन किंवा महसूल खात्याच्या जमिनीवर उभे आहेत. चुकीच्या दारात दिलेला अर्ज फायलीतच राहतो.

‘गावाने वर्गणी काढलीय, मंडळ नोंदणीकृत आहे, मग ढासळलेला बुरूज बांधला तर बिघडलं कुठे?’ प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर. केंद्र संरक्षित स्मारकात विनापरवाना फेरफार करणाऱ्याला १९५८च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी चुन्यातल्या बांधकामात सिमेंट भरलं की ओल आत कोंडते आणि जुना दगड झिजू लागतो. माझ्या मते आपल्याकडे निधीअभावी झालेल्या नुकसानाइतकंच हे हौशी डागडुजीचं नुकसानही मोजायला हवं.

कंपन्यांच्या पैशाबद्दल दोन टोकांचे समज आहेत. एक, कंपनीने दत्तक घेतलं की स्मारक तिचं झालं. २०१८मध्ये दालमिया भारत आणि लाल किल्ला यावरून असाच गदारोळ उठला होता. तो करार पाच वर्षांचा, पंचवीस कोटींचा आणि पर्यटकांच्या सुविधांपुरता होता. मालकी सरकारचीच राहिली. दुसरा समज असा की सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून करायचा खर्च, फक्त शाळा आणि दवाखान्यांसाठी असतो. कंपनी कायदा २०१३च्या सातव्या परिशिष्टात ऐतिहासिक वास्तूंचं जतन स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि शाळकरी मुलांना गावचा इतिहास शिकवणारा उपक्रम शिक्षणाच्या कलमात बसू शकतो. फक्त संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी हवी. १ एप्रिल २०२१पासून ती सक्तीची आहे. लहान मंडळं बहुधा इथेच अडतात.

अनुदान मंजूर झालं म्हणजे रक्कम एकदम हाती पडते, असंही नाही. ते सहसा हप्त्यांनी येतं आणि पुढचा हप्ता आधीच्या खर्चाच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर अवलंबून असतो. त्यामुळे नव्या मंडळाने थेट तटबंदीला हात घालण्यापेक्षा शिवारातल्या वीरगळांची, बारवांची छायाचित्रांसह नोंद करावी. खर्च थोडा, हिशेब सोपा. मोठ्या कामाच्या अर्जाचा विचार असेल, तर आधी तलाठ्याकडे जाऊन त्या जागेचा सातबारा काढा आणि संरक्षित स्मारकांच्या याद्या तपासा.