दव, पखाल आणि सातारा

बाळांनो, सांगलीहून निघाल्यापासून तुमचा फुलांचा धोशा चाललाय. कासच्या पठारावर सप्टेंबरात फुलं मायंदाळ! पण आधी इथं जांभ्यावर उकिडवे बसा. ती तांबूस, चिमुकली वनस्पती दिसली? पानाच्या केसाकेसावर थेंब चमकतोय. आपण तिला दवबिंदू म्हणतो. शास्त्राच्या पुस्तकात ती ‘ड्रॉसेरा’. ग्रीक ‘द्रोसोस’वरून आलेलं नाव, आणि द्रोसोस म्हणजेही दवच. कुठं ग्रीस, कुठं आपला सातारा!

पण गवतावरचं दव उन्हानं केव्हाच उडालं. हे थेंब मात्र जागच्या जागी. कारण तो चिकट द्रव आहे. चिलट बसलं की अडकतं. धडपडायला लागलं की आजूबाजूचे केस त्याच्यावर वाकतात आणि पाचक रस त्याला विरघळवतो. चार्ल्स डार्विनला या वनस्पतीनं वेड लावलं होतं. 1875 साली त्यानं कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याला दिसलं, की मांसाचा कण ठेवला तर केस वाकतात, पाण्याचा थेंब पडला तर हलत नाहीत. कासच्या पावसात एवढी पारख हवीच!

किडे कशाला खायचे? जांभ्यावर माती जेमतेम, आणि पाऊस तिच्यातलं नत्र धुऊन नेतो. ते किड्याच्या अंगातून मिळवायचं.

आता ही निळीजांभळी सीतेची आसवं. आपल्या माणसांनी फूल पाहून नाव ठेवलं. शास्त्रातलं नाव ‘युट्रिक्युलारिया’ आलं लॅटिन ‘युट्रिक्युलस’वरून, म्हणजे कातड्याची छोटी पिशवी, आपली पखालच. ती फुलात शोधू नका. ती खाली ओल्या चिखलात आहे, मोहरीपेक्षा लहान. आतलं पाणी ती बाहेर टाकते, तिच्या भिंती आत ओढल्या जातात, दार घट्ट मिटलेलं. दारावरच्या केसाला एखादा सूक्ष्म जीव लागला की दार उघडतं, पाण्याचा लोंढा त्याला घेऊन आत शिरतो, दार पुन्हा बंद. डोळ्याचं पातं लवायच्या आत! आणि पूर्वी जाणत्यांनाही वाटे, पाण्यातल्या जातींना या पिशव्या तरंगायला लागतात.

ही दोन्ही शास्त्रीय नावं लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या 1753च्या ग्रंथात आहेत. साताऱ्याचं नाव लॅटिनात शिरलं ते फार नंतर. तो डबक्यातला दोन फाट्यांचा तुरा बघा, वायतुरा. त्याचं नाव ‘ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस’. शेवटचं ‘एन्सिस’ म्हणजे ‘तिथला’. पाय जपून टाका रे, त्याचे कंद याच उथळ पाण्याखाली आहेत.