सोंद्याचं राज्य कुठे गेलं?

अणशी घाट उतरताना मुलं मोबाइलची रेंज शोधतात, मी मात्र त्यांना सोंद्याच्या राजाची गोष्ट सांगतो. शिरसीजवळच्या सोंद्याची सत्ता घाटावरच्या सुप्यापासून खाली फोंडा-काणकोणपर्यंत होती. बेदनूर, मराठे, पोर्तुगीज असे बलाढ्य शेजारी. खंडणी देत, तह करत ती टिकली. १७६३ मध्ये हैदर अलीने बेदनूर जिंकलं, पाठोपाठ सोंदेही. राजा सदाशिव गोव्यात पोर्तुगिजांच्या आश्रयाला गेला. बांदोड्यात घर मिळालं. १७९१ च्या तहाने गोव्याकडचा मुलूख मात्र कायमचा गेला. कंबोडियातलं अंगकोरही १४३१ मध्ये सयामी शेजाऱ्यांपुढे असंच पडलं होतं. फोंडा गोव्यात आणि अणशी कर्नाटकात का, याचं मूळ त्या आसऱ्याच्या किमतीत आहे. घाटातून जाल तेव्हा मुलांना हेही सांगा.