पायाखालचे मँगनीज, फळ्यावरचे 'एमएन'

सौंसरच्या मिडल शाळेत शिकलेल्या कोणालाही विचारा, मॅग्नेशियम आणि मँगनीज यांतला गोंधळ त्याच्या आठवणीत असतोच. एकाची संज्ञा 'एमजी', दुसऱ्याची 'एमएन'. एकाचा अणुक्रमांक १२, दुसऱ्याचा २५. पेपरात अदलाबदल झाली की गुण गेला, आणि गोष्ट तिथेच संपायची. ज्या तालुक्याच्या जमिनीतून शतकभरापूर्वीपासून मँगनीज निघते आहे, त्याच तालुक्यातल्या मुलांना ते फळ्यावरच्या दोन अक्षरांपुरते माहीत असावे, हे गेल्या पाच दशकांच्या विज्ञान शिक्षणाचे खरे प्रगतिपुस्तक आहे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लुईस ली फर्मर यांनी देशातल्या मँगनीज साठ्यांवरचा आपला जाडजूड अहवाल १९०९ साली प्रसिद्ध केला. त्यात कच्चीढाना, सीतापार, गोवारी वढोणा ही आपल्या भागातली गावे आहेत. सीतापारला सापडलेल्या एका खनिजाला त्यांनी 'सीतापाराइट' म्हटले. पुढे ते आधीच माहीत असलेले बिक्सबाइट निघाले आणि ते नाव मागे पडले. मँगनीजयुक्त एका खडकाला मात्र त्यांनी गोंड समाजावरून दिलेले 'गोंडाइट' हे नाव टिकले. नागपूर, भंडारा, बालाघाट ते छिंदवाडा असा पसरलेला इथला अतिप्राचीन खडकांचा पट्टा आजही जगभरच्या भूशास्त्रात 'सौंसर समूह' म्हणून ओळखला जातो. विद्यापीठातल्या पोरांना परीक्षेत सौंसरवर प्रश्न येतो. सौंसरच्या पोरांना येत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि तेव्हा सौंसर ज्यात होते तो छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. तेव्हापासून घरी मराठी आणि वर्गात हिंदी ही इथली रीत झाली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मूलद्रव्ये म्हणजे पाठांतर. सोडियमचे 'एनए' का, लोखंडाचे 'एफई' का, असे विचारायची सोय नव्हती. प्रयोगशाळा असलीच तर एका कपाटात, आणि कपाटाला कुलूप.

पण शाळेबाहेर मूलद्रव्ये हाताशी होती. बॅटरीतला संपलेला सेल फोडणे हा तेव्हाच्या पोरांचा आवडता उद्योग. बाहेरचे पत्र्याचे नळकांडे जस्ताचे, मधली काळी कांडी कार्बनची, आणि हात काळे करणाऱ्या भुकटीत मँगनीज डायऑक्साइड. पावसाळ्यात विहिरीत टाकायचे लाल औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, तेही मँगनीजचेच संयुग. हे सगळे त्याच धड्याचे सामान आहे, असे कोणी सांगितले नाही.

याच मध्यप्रदेशात दुसरी वाटही निघाली होती. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ मिडल शाळांमध्ये किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. १९७८ला हा कार्यक्रम जिल्हाभर झाला. १९८२ला स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने तो पुढे नेला. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकात उत्तरे छापलेली नसत. स्वस्त साहित्याच्या पेटीतून मुलांनी ती शोधायची. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींच्या व्याख्या घोकून घेण्याला तिथे जागा नव्हती. २००२ साली सरकारने हा कार्यक्रम बंद केला, आणि राज्यभर पुन्हा एकच ठरीव पुस्तक उरले.

आपल्याकडे असा प्रयोग दरवर्षी होतो, पण बगिच्यात. संत्र्याच्या झाडाला डिंक्या लागू नये म्हणून बुंध्याला बोर्डो पेस्ट लावतात: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ते लोखंडी भांड्यात कालवायचे नाही, हे प्रत्येक बागाईतदाराला ठाऊक असते. फवारणीसाठी पातळ मिश्रण केले की त्यात लोखंडी सुरी किंवा खिळा बुडवून पाहतात. त्यावर तांबूस थर चढला तर तांबे अजून मोकळे आहे, चुना आणखी हवा. थर चढला नाही तर फवारा बिनधास्त. लोखंड तांब्याला त्याच्या क्षारातून बाहेर काढते, ही विस्थापन अभिक्रिया पाठ्यपुस्तकात लोखंडी खिळा आणि निळे द्रावण घेऊनच समजावलेली असते. बाप शेतात करतो तेच पोरगं वर्गात पाठ करतं, आणि दोघांची गाठ पडत नाही. पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला की जस्ताची, लोहाची, मँगनीजची सल्फेटे फवारली जातात. मूलद्रव्ये झाडालाही लागतात, याचा यापेक्षा सोपा पुरावा कुठला?

दरम्यान मूलद्रव्यांची यादीही वाढत गेली. २०१६ साली निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसिन आणि ओगॅनेसॉन ही चार नावे मंजूर होऊन मेंडेलीव्हच्या १८६९च्या तक्त्यातून घडत आलेल्या आवर्तसारणीची सातवी ओळ ११८वर पूर्ण झाली. इकडे पुस्तके मात्र आक्रसली. करोनानंतर 'भार कमी' करताना एनसीईआरटीने आठवीतला धातू-अधातूंचा आणि दहावीतला आवर्तसारणीचा धडा वगळला. २०२५च्या नव्या पुस्तकांत सातवीला धातू-अधातू आणि आठवीला मूलद्रव्ये, संयुगे व मिश्रणे असे धडे परत आले आहेत. हे चांगलेच झाले. पण आजवर पुस्तक प्रत्येक वेळी बदलले आणि वर्ग होता तसाच राहिला, हेही लक्षात ठेवायला हवे.

२०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. नव्या जिल्ह्याच्या शिक्षण खात्याला आणि मास्तर-बाईंना एवढीच विनंती: प्रत्येक मिडल शाळेत मँगनीजचा एक खडा, थोडे मोरचूद आणि लोखंडी खिळे ठेवा. बोर्डो कालवण्याच्या दिवसांत एखाद्या बागाईतदाराला वर्गात बोलवा, मोरचुदाला हात त्याचाच लागू द्या, आणि खिळा तांबूस का झाला हे मुलांकडून काढून घ्या. याला निधी लागत नाही, आदेशाचीही वाट पाहावी लागत नाही.