तारे कोठून पाहावेत?

आकाश तर सर्वांच्याच डोक्यावर आहे. मग ते पाहण्यासाठी जागा कशाला शोधावयाची, असा प्रश्न कोणासही पडेल. विजेचे दिवे येण्यापूर्वी हा प्रश्न अगदी रास्त होता. अंगणात बाज टाकून आडवे झालेल्या माणसाला आकाशगंगेचा दुधाळ पट्टा सहज दिसे. आज तशी स्थिती राहिलेली नाही. जगातील रात्रीच्या उजेडाचा एक नकाशा शास्त्रज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केला. त्यावरून असे दिसून आले की, पृथ्वीवरील एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आपल्या राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसतच नाही. उत्तर अमेरिकेत तर शंभरांपैकी जवळजवळ ऐंशी माणसे तिला मुकली आहेत. दिवे जळतात जमिनीवर. परंतु त्यांचा जो उजेड वर जातो, तो हवेतील धूळ व बाष्प यांमुळे चोहोकडे पसरतो. सारे आकाश फिकट होते आणि मंद तारे त्या फिकटपणात बुडून जातात. तारे कोठे गेलेले नसतात. काळोख मात्र गेलेला असतो.

तेव्हा तारे पाहण्याची ज्याला हौस आहे, त्याला आधी काळोख शोधावा लागतो. हा शोध कसा करावा, हे अमेरिकेतील एका लहानशा डोंगरी गावाच्या उदाहरणावरून चांगले समजेल.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व भागात, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे, अ‍ॅपलाचियन पर्वताच्या रांगा पसरलेल्या आहेत. हा पर्वत फार प्राचीन आहे. ऊन, पाऊस व वारा यांनी झिजून त्याची शिखरे गोलसर झाली आहेत आणि त्याच्या अंगावर दाट रान आहे. या रांगांत, वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या पोकाहाँटास परगण्यात, ग्रीन बँक नावाचे गाव आहे. या नावातील ‘बँक’ म्हणजे पैशांची पेढी नव्हे. हिरवा काठ असा त्या नावाचा अर्थ होतो. गावाची वस्ती अवघी दीडशेच्या आसपास. आसमंतात मोनाँगहेला हे राष्ट्रीय अरण्य नऊ लाखांहून अधिक एकरांवर पसरले आहे. परगण्यात मोठे शहर एकही नाही.

एवढ्याशा या गावाचे नाव जगातील ज्योतिर्विदांच्या तोंडी असते. आकाशातील पदार्थांपासून प्रकाश येतो, त्याचप्रमाणे रेडिओलहरीही येतात. त्या इतक्या क्षीण असतात की, माणसांच्या यंत्रांचा गोंगाट त्यांना सहज झाकून टाकतो. त्या ऐकण्यासाठी शांत जागा शोधता शोधता शास्त्रज्ञ या दरीत आले. चहूंकडील डोंगर बाहेरच्या लहरी अडविणाऱ्या तटासारखे उभे होते आणि वस्ती विरळ होती. १९५८ साली सरकारने भोवतालचा सुमारे ३४,००० चौरस किलोमीटरांचा प्रदेश ‘राष्ट्रीय रेडिओ-शांतता क्षेत्र’ म्हणून राखून ठेवला. पुढे १९६० साली फ्रँक ड्रेक या शास्त्रज्ञाने दूरच्या दोन ताऱ्यांकडे येथील दुर्बीण वळविली. तेथे कोणी बुद्धिमान प्राणी असून ते संदेश पाठवीत आहेत काय, हे त्याला पाहावयाचे होते. संदेश काही मिळाला नाही. १९८८ साली येथील एक प्रचंड दुर्बीण एका रात्री अकस्मात कोसळली. तिच्यानंतर उभारलेल्या नव्या दुर्बिणीचे उद्घाटन २००० साली झाले. तिची तबकडी १०० मीटरांहून रुंद आहे. त्या दुर्बिणीजवळ पेट्रोलची मोटार नेता येत नाही. कारण पेट्रोलच्या यंत्रात ठिणगी पडते आणि त्या ठिणगीतूनही रेडिओलहरी निघतात. म्हणून तेथे डिझेलच्या गाड्या वापरतात.

येथे एक घोटाळा मात्र होऊ देऊ नये. शांतता निराळी आणि काळोख निराळा. ग्रीन बँकचे निर्बंध रेडिओलहरींसाठी आहेत, दिव्यांसाठी नव्हेत. दुर्बीण दिवसाही काम करते आणि ढगांआडूनही करते. तिला रात्रीच्या काळोखाशी कर्तव्य नसते. या भागात रात्री काळोख असतो, तो वस्ती विरळ आणि रान दाट म्हणून. शिवाय दुर्बिणीला जी जागा उत्तम, ती डोळ्यांना उत्तम असेलच असे नाही. खोल दरी रेडिओला सोयीची असते. पण दरीत उभ्या असलेल्या माणसाचे अर्धे आकाश डोंगरच झाकून टाकतात.

मग या गावच्या माणसाने तारे पाहण्यासाठी कोठे जावे? पहिली गोष्ट ही की, जागेची निवड रात्री न करता दिवसा करावी. काळोखात दगड, खड्डा वा काटेरी तारेचे कुंपण दिसत नाही. शेत कोणाचे आहे, हेही दिवसाच विचारून ठेवलेले बरे. या रानांत काळी अस्वलेही आहेत, हे विसरून चालणार नाही. जागेवर पोहोचल्यावर दक्षिणेकडे तोंड करावे आणि हात सरळ पुढे ताणून मूठ मिटावी. अशा मुठीची रुंदी आकाशात सुमारे १० अंश भरते. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवीत डोंगराच्या माथ्यापर्यंत मोजावे.

या मोजणीला इतके महत्त्व का, ते पाहा. ग्रीन बँक विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेअडतीस अंशांवर आहे. पुणे साडेअठरा अंशांवर आहे. आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भाग धनू राशीत असतो. पुण्याहून पाहिल्यास तो दक्षिणेकडे चार मुठींहून अधिक उंच येतो. ग्रीन बँकहून तो जेमतेम सव्वादोन मुठी वर येतो. दक्षिणेचा डोंगर तीन मुठी उंच असेल, तर बाकीचे आकाश कितीही काळे असले तरी हा देखणा भाग दिसावयाचा नाही. आपला अगस्त्य तारा तर तेथून मुळीच दिसत नाही. तो तेथील क्षितिजाच्या वर येतच नाही. याची भरपाई उत्तरेकडे होते. तेथे ध्रुव चांगला उंचावर असतो आणि सप्तर्षींपैकी सहा ऋषी वर्षभर क्षितिजाखाली जात नाहीत. शेवटचा मरीची तेवढा थोडा वेळ बुडी मारून येतो.

दक्षिण मोकळी सापडली, तरी दरीच्या तळाशी आणखी एक अडचण असते. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि तळाशी साचते. तिच्यातील बाष्पाचे धुके होते. उन्हाळ्याच्या अखेरीस व शरद ऋतूत पहाटे या दऱ्या धुक्याने भरून जातात आणि दुर्बिणीच्या काचेवर दव जमते. म्हणून नदीकाठचे कुरण टाळून उतारावरची, थोडी वरची मोकळी जागा पसंत करावी.

मग थेट शिखरच का गाठू नये? ग्रीन बँकच्या ईशान्येस स्प्रूस नॉब हे राज्यातील सर्वांत उंच शिखर आहे. त्याची उंची १,४८२ मीटर आहे. तेथे आकाश चोहोकडे मोकळे मिळते. परंतु पश्चिमेचा वारा तेथे इतका सतत वाहतो की, माथ्यावरील स्प्रूस वृक्षांना एकाच बाजूस फांद्या उरल्या आहेत. दूरून ती झाडे फडकणाऱ्या निशाणांसारखी दिसतात. ज्या वाऱ्याने झाडांची ही गत केली, तो माणसाला कितीसा वेळ उभा राहू देणार? शिवाय दरीत निरभ्र असताना शिखरावर ढग बसलेला असतो, असेही घडते. शिखरावर जावयाचे तर जाड घोंगडी आणि रिकामा वेळ ही दोन्ही बरोबर हवीत.

परगण्याच्या दक्षिण भागात वाटोगा हे राज्य उद्यान आहे. त्याचे क्षेत्र दहा हजार एकरांहून अधिक आहे. हे उद्यान, त्याला लागून असलेले राखीव रान आणि ड्रूप माउंटन हे १८६३ सालच्या लढाईचे मैदान, या तिन्हींना २०२१ साली ‘काळोखे आकाश उद्यान’ ही आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. अशा ठिकाणी दिव्यांवर टोपण असते, म्हणजे उजेड खाली पडतो, वर जात नाही. आणि दिव्यांचा रंग पांढरा नसून पिवळसर असतो. दिवा नकोच असे कोणी म्हणत नाही. पायरी दिसावी, एवढाच उजेड असावा, इतकेच म्हणणे आहे. वाटोगाच्या काळोखाचा लाभ केवळ माणसांना होतो असेही नाही. तेथे अनेक काजवे एकाच वेळी चमकून एकाच वेळी विझतात. परस्परांच्या खुणा ओळखण्यासाठी त्यांनाही काळोखच लागतो.

आपल्याकडेही असे प्रयत्न झाले आहेत. नारायणगावाजवळ खोडद येथे तीस तबकड्यांची विशाल रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यासाठीही ग्रीन बँकप्रमाणेच शांत परिसर पाहण्यात आला. २०२४ साली महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला ‘काळोखे आकाश उद्यान’ ही मान्यता मिळाली. असा मान मिळविणारे ते भारतातील पहिले ठिकाण होय.

जागा साधली, तरी वेळ साधावी लागते. चांगल्यात चांगली जागा पौर्णिमेच्या रात्री फुकट जाते. चंद्रासारखा दिवा दुसरा नाही. यासाठी अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवस निवडावेत. जूनमध्ये ग्रीन बँक येथे सूर्यास्तानंतर पूर्ण काळोख पडावयास जवळजवळ दोन तास लागतात. महाराष्ट्रात दीड तासाच्या आतच तो पडतो. डोळ्यांनाही सवड द्यावी लागते. उजेडातून काळोखात आल्यावर त्यांची शक्ती पुरती जागी होण्यास वीस ते तीस मिनिटे जातात. मध्येच कोणी मोबाइलचा पडदा उजळला की, तेवढी सारी तपश्चर्या वाया! म्हणून अनुभवी मंडळी विजेरीच्या काचेवर लाल कागद लावतात; मंद लाल उजेडाने डोळे फारसे दिपत नाहीत.

अर्ध्या तासानंतर जागेची परीक्षा घेता येते. वसिष्ठाशेजारी अरुंधती दिसणे ही झाली डोळ्यांची परीक्षा. ती गावातूनही साधते. काळोखाची परीक्षा याहून कठीण असते. शरद ऋतूतील रात्री देवयानी तारकासमूहात एक पुसट, लांबट डाग नुसत्या डोळ्यांनी दिसला, तर जागा उत्तम समजावी. तो डाग म्हणजे सुमारे पंचवीस लक्ष प्रकाशवर्षे दूर असलेली दुसरी दीर्घिका आहे. स्प्रूस नॉबवरून ती स्पष्ट दिसते. त्याच ठिकाणी उभे राहून पूर्वेकडे वळून पाहिले, तर डोंगररांगांच्या पलीकडे, क्षितिजालगत, एक फिकट उजेड दिसतो. तो चंद्रोदयाचा नसतो. शेनांडोआ दरीतील शहरांच्या दिव्यांचा असतो.