गल्ला आणि रॅक

पुसदसारख्या तालुक्याच्या गावातल्या किराणा मार्टमध्ये गल्ल्यावर एक, रॅकवर दुसरा, गोदामात तिसरा अशी माणसं ठेवणं परवडत नाही. सकाळी माल उतरवून घेणारा मुलगाच दुपारी बिलं करतो आणि रात्री गल्ला मोजतो. कामं दोन दिसली तरी हिशेब एकच असतो. आत आलेला प्रत्येक नग एकतर रॅकवर दिसला पाहिजे, नाहीतर त्याचे पैसे जमेला.

सुरुवात टेम्पोपासून होते. बिलावर सही करण्याआधी खोकी मोजायची, फुटलेला-भिजलेला माल वेगळा काढायचा आणि तो त्याच बिलावर लिहून घ्यायचा. सही झाल्यावर तक्रारीला वजन राहत नाही. मग कॉम्प्युटरमध्ये नग, खरेदी दर, एमआरपी आणि मुदत भरायची. रॅकवर जुना माल पुढे, नवा मागे. हा क्रम चुकला की मुदत संपलेली बिस्किटं मागच्या रांगेत सापडतात.

बारकोडबद्दल एक गैरसमज असतो. पुड्यावरच्या त्या 13 आकड्यांत किंमत नसते. असते फक्त वस्तूची ओळख. सुरुवातीचे 890 म्हणजे क्रमांक भारतातल्या संस्थेने दिला, एवढंच. किंमत दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये असते आणि ती आपणच भरलेली असते. 22 सप्टेंबर 2025 ला साबण, शॅम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा हे नीट कळलं. एकाच बारकोडच्या वस्तूला जुनी आणि नवी अशा दोन किमती झाल्या. अशा वेळी स्क्रीनवर विसंबायचं नाही, पुडा हातात घेऊन बघायचा. छापील एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. त्यावर एक रुपयाही घेता येत नाही.

आता गल्ला. सोयाबीन-कापसाचा पैसा हाती आला की दसरा-दिवाळीला खेड्यांवरची गिऱ्हाइकं एकदम येतात आणि सगळ्यांच्या हातात पाचशेची नोट. बिल 386 चं असेल तर वजाबाकी करत बसू नये, वर मोजत जावं: चार दिले, तीनशे नव्वद, दहा दिले, चारशे, शंभर दिले, पाचशे. गिऱ्हाइकालाही हिशेब ऐकू जातो. मोड देईपर्यंत त्याची नोट गल्ल्यात टाकायची नाही, समोर ठेवायची. मग ‘भाऊ, मी पाचशेची दिली होती’ हा वाद उभाच राहत नाही. क्यूआरने पैसे दिले असतील तर गिऱ्हाइकाच्या मोबाईलवरची हिरवी खूण पुरेशी नाही. आपल्या खात्यात आले का ते बघायचं.

रात्रीचा मेळ असा. समजा सकाळी गल्ल्यात 2,000 ठेवले, रोखीची बिलं 18,460 ची झाली आणि हमालीचे 350 दिले. म्हणजे 20,110 असायला हवेत. मोजल्यावर 19,970 भरले. तूट 140. घाबरण्याआधी क्यूआरचा हिशेब बघावा. तिकडे नेमके 140 जास्त असतील, तर क्यूआरचं बिल चुकून रोखीत चढलंय. पैसे गेलेले नाहीत. जुने मुनीम आणखी एक खूण सांगतात: फरकाला नऊने भाग जात असेल तर आकडे उलटे लिहिले गेलेत का ते शोधा. 86 ऐवजी 68 पडले की फरक येतो 18.

असाच मेळ मालाचाही घालायचा. रोज पाच-सहा वस्तू निवडून रॅकवरचे नग कॉम्प्युटरशी ताडून बघितले, तर महिन्याभरात बऱ्याच वस्तू मोजून होतात. कॉम्प्युटर 24 म्हणतो आणि रॅकवर 23 असतील, तर चुकीचा कोड, उंदीर किंवा चोरी, यांपैकी काहीतरी असतं. त्याच दिवशी शोधलं तर सापडतं.

गल्ला आणि रॅक एकाच्याच हातात असले की चूक पकडणारा दुसरा डोळा उरत नाही. म्हणून नव्याने या कामाला लागणाऱ्याला एकच सांगणं: रात्री गल्ला मालकासमोर मोजा आणि आकड्यांच्या चिठ्ठीवर दोघांची सही घ्या. उद्या कुणी तूट दाखवली, तर तीच चिठ्ठी तुमच्या बाजूने बोलेल.